दूताचं मोठं बोलणं

बाबा,

त्या दिवशी रंगमंचावर तुम्ही तुमचं बोलणं विसरलात, की तुम्हाला बोलू दिलं नाही?

या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. हे पत्र संपेपर्यंतही मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकते. वर ‘तीर्थरूप’ लिहायला हवं होतं, पण तो शब्द लिहिला की मी शाळेतल्या पत्रलेखनासारखी नीटनेटकी होते, आणि आज मला नीटनेटकं बोलायचं नाही. काल कारखान्याच्या कँटीनमध्ये तुमच्या आठवणीचा कार्यक्रम झाला. आज रविवार. आईने सकाळी तुमचं मुंडासं घडी घालून ट्रंकेत ठेवलं. ते ठेवताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “त्यांना कळवलंस का?” म्हणून लिहायला बसले.

खडकीतल्या आपल्या दोन खोल्यांत तुमच्या नाटकाचा केवढा दरारा होता. तुम्ही कधी राजा झाला नाहीत. तुम्ही भालदार, पहारेकरी, सारथी आणि फार तर दूत. राजा कायम सरनाईक साहेब. कारखान्यात मॅनेजर आणि नाटकात महाराज. मी लहानपणी एकदा तुम्हाला विचारलं होतं, “ते नाटकातही साहेब का असतात?” तुम्ही बूट काढत म्हणालात, “उलटं आहे गं. ते कारखान्यातही राजे असतात.” आई हसली होती. मीही हसले. तेव्हा तो विनोद वाटला होता.

आणि ती फियाट. भोंगा झाला की तुम्ही सगळे छोट्या भूमिकांचे लोक कँटीनच्या पायरीवर उभे राहायचात. साहेबांची गाडी यायची, थांबायची, आणि तुम्ही दाराचा आवाज ऐकायचात. दार हलकेच लागलं तर साहेबांचं मन प्रसन्न, म्हणजे आज सगळं नाटक, सगळ्यांची सगळी वाक्यं. दार आपटलं तर महाराजांच्या भाषणांपुरतीच तालीम, बाकीच्यांनी आपलं एका ओळीत उरकायचं. म्हणून तुम्ही प्रत्येकजण आपलं बोलणं दोन तऱ्हांनी पाठ करायचात. एक मोठं, एक छोटं. आत जाताना एकमेकांच्या कानात सांगायचात, “आज छोटं.”

घरातसुद्धा तेच चालायचं. तुम्ही दारात आलात की आई विचारायची, “आज मोठं की छोटं?” मोठं असेल तर तुम्ही जेवताना गोष्टी सांगायचात. छोटं असेल तर आम्ही भाकरी मुकाट्याने खायचो. बाबा, तुमच्या कधी लक्षात आलं का, की एका माणसाने कारखान्यापाशी गाडीचं दार कसं लावलं यावर आपल्या घरातलं बोलणं ठरायचं?

माझ्या लक्षात ते कॉलेजात आलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मॅडम शोकांतिका शिकवत होत्या. नायक उंचावर असतो म्हणून त्याचं पडणं मोठं वाटतं, असं त्या सांगत होत्या. त्याचा राग, त्याचा संशय, त्याचा हट्ट यांनी राज्य हलतं. मी उभी राहिले आणि विचारलं, “मॅडम, त्याच्याबरोबर जे पडतात, ते किती उंचीवरून पडले हे कोण मोजतं?” वर्ग हसला. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “प्रश्न छान आहे. परीक्षेत मात्र नायकावरच लिही.”

मी नायकावरच लिहिलं. पास झाले. आपल्या घरातली पहिली पदवी, म्हणून तुम्ही अख्ख्या आळीला पेढे वाटलेत. साहेबांनाही नेऊन दिलेत. त्यांनी पेढा घेतला का, ते तुम्ही सांगितलं नाहीत. मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “टेबलावर ठेवला.” तेवढ्यावर मी गप्प बसले, कारण तुम्हाला ते पुरेसं वाटत होतं.

आता त्या नाटकाकडे येते.

गेल्या हिवाळ्यातल्या स्पर्धेच्या नाटकात तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा भाषण मिळालं. राजाने रागाच्या भरात मुलाला युद्धावर धाडलेलं असतं. तो मुलगा मरतो. ती बातमी घेऊन दूत येतो. छोटं बोलणं होतं, “महाराज, युवराज पडले.” मोठं चांगलं पानभर होतं, आणि त्यातलं एक वाक्य तुम्हाला फार आवडायचं. दूत सगळी हकिकत सांगतो. नदीचा उतार, मेलेला घोडा, युवराजांनी मागितलेलं पाणी. आणि मग म्हणतो, “माझा भाऊही तिथेच पडला, महाराज. पण ते सांगायला मी आलेलो नाही.”

तुम्ही हे वाक्य मोरीत, सायकलवर, चहाचा कप हातात घेऊन म्हणायचात. कधी हळू, कधी चढ्या आवाजात, कधी अगदी सपाट. मला विचारायचात, “रडायचं का गं इथे?” मी म्हणायचे, “नको बाबा. त्याला रडायची परवानगीच नाही.” एकदा तुम्ही म्हणालात, “शिकल्याचा उपयोग होतो म्हणायचा.”

स्पर्धेच्या दिवशी सगळे एकाच टेम्पोतून शहरातल्या नाट्यगृहात गेलात. साहेबही तुमच्यातच बसले होते. फियाट नव्हती, त्यामुळे दाराचा आवाजही नव्हता. आज मोठं की छोटं, कोणालाच कळलं नाही. आई आणि मी वर बाल्कनीत होतो. तुम्ही आलात. महाराज मागे सिंहासनापाशी, तुम्ही त्यांच्यासमोर, म्हणजे आमच्याकडे तुमची पाठ. आम्हाला मुंडासं दिसत होतं, खांदे दिसत होते. तुमचा चेहरा नाट्यगृहात एकाच माणसाला दिसत होता.

तुम्ही उभे राहिलात आणि महाराजांनी हात वर केला. तळवा तुमच्याकडे. बोलू नकोस, मला कळलं, असा तो हात. मग त्यांनी जो टाहो फोडला, त्याला टाळ्या थांबेनात. त्यांना रौप्यपदक मिळालं. दूताचं मौन ही केवढी मोठी कल्पना, असं परीक्षक म्हणाले.

घरी येऊन तुम्ही म्हणालात, “मस्त झालं.” भात परत मागून घेतलात. मी विचारलं, “बाबा, तुमचं भाषण?” तुम्ही म्हणालात, “साहेबांना तसंच योग्य वाटलं असेल.” त्यानंतर ते वाक्य मोरीत ऐकू आलं नाही. सायकलवरही नाही. विसरलेला माणूस घरी आल्यावर एकदा तरी म्हणून बघतो ना, की ते वाक्य होतं तरी काय? तुम्ही का नाही म्हटलंत? आणि विसरला नव्हतात, तर रागावला का नाहीत? मला तुमच्या त्या दुसऱ्यांदा घेतलेल्या भाताचाही संशय येतो. तो भात तुम्ही कोणासाठी खाल्लात?

मग उन्हाळ्यात एका सकाळी तुम्ही डबा घेऊन निघालात, आणि बसथांब्यावरच कोसळून गेलात. कोणी काही विचारायच्या आत.

साहेब भेटायला आले. आपल्या खोलीत एकच खुर्ची, तिच्यावर बसले. मी चहा करत होते आणि आतून त्यांच्या भुवया बघत होते. साखर जास्त झाली असेल का, त्यांना उकडतंय का, आईने आत्ता बोलावं की थांबावं. पदवीधर मुलगी, आणि पडद्याआडून भुवया वाचतेय. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की तुम्ही दिवसभर काय करत होतात.

चहा पिऊन साहेब म्हणाले, “जाधव माणूस सोन्यासारखा. पण त्या दिवशी ऐन वेळी कोरा झाला. मी सावरून घेतलं म्हणून नाटक वाचलं.” आई म्हणाली, “तुमचे उपकार आहेत साहेब.” मी कप उचलला. मला साहेबांचा आवाज खोटा वाटला नाही. तोच तर त्रास आहे. राजाचं कामही ते तसंच करायचे, प्रत्येक शब्दावर विश्वास बसावा असं.

मी गद्रे काकांकडे गेले. ते विंगेत पुस्तक धरून बसायचे, कोणी अडलं की शब्द पुरवायचे. म्हटलं, त्यांना माहीत असणारच.

“काका, बाबा विसरले होते का?”

“विसरला असता तर मी शब्द दिला असता ना गं. मी काय तिथे शेंगा खायला बसलो होतो?”

“म्हणजे विसरले नव्हते.”

काकांनी दरवाजाकडे बघितलं. दरवाजात कोणी नव्हतं. “मी असं कुठे म्हटलं? मला शब्द द्यायला वेळ तरी मिळायला हवा. हात वर गेला की गेला. त्या दिवशी माझा चष्माही धड नव्हता. आणि नंदा, बाई, माझं नाव घेऊन हे कुठे बोलू नकोस. मला अजून तिथेच नोकरी करायची आहे.”

बघा, तुमच्या मागेही सगळे पायरीवर उभेच आहेत, दाराच्या आवाजाकडे कान लावून.

मग साहेबांचं बोलावणं आलं. तुमच्या आठवणीचा कार्यक्रम ठरला. त्यात तोच प्रवेश करायचा, आणि दूताच्या जागी मी उभी राहायचं, ही साहेबांची कल्पना. “बोलायचं काही नाही,” ते म्हणाले. “नुसतं यायचं आणि उभं राहायचं. बापाच्या जागी लेक. लोकांचे डोळे भरून येतील.” त्याच बैठकीत आईच्या कामाचं निघालं. तुमच्या जागी आईला कँटीनमध्ये घ्यायचं, त्या कागदावर साहेबांची सही व्हायची आहे. “होऊन जाईल,” ते म्हणाले. “कार्यक्रम नीट होऊ दे.”

या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध होता का? असेल, नसेल. मी आता कशावरच पटकन विश्वास ठेवत नाही, हे तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही सगळ्यांबद्दल चांगलंच बोलायचात. पण बाबा, ते चांगुलपणाने, की दार कसं लागेल या काळजीने?

मी हो म्हटलं. मला तुमच्या जागेवरून बघायचं होतं.

तालमीत जमिनीवर खडूने केलेल्या तुमच्या खुणेवर उभी राहिले आणि राजाचा चेहरा पहिल्यांदा समोरून पाहिला. बाल्कनीतून जे दुःख वाटायचं, ते जवळून वेगळंच दिसतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या गळ्याकडे बघत होते. मी श्वास घेतला, आणि त्यांचा हात वर गेला.

दुसऱ्या तालमीला मी मुद्दाम श्वास घेतला नाही. रोखून धरला. हात उठेना. महाराज तसेच उभे. त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. घाबरल्यासारखं. आपल्याला पुढचं येत नाही हे चारचौघांत कळेल की काय, अशी भीती.

“थांबलीस का?” ते म्हणाले.

“मी काहीच केलं नाही साहेब. मी नुसती उभी आहे.”

“श्वास घे. तू श्वास घेतल्याशिवाय माझा हात कसा उठणार?”

कँटीनमध्ये सगळे ऐकत होते. कोणी मान वर केली नाही. मी म्हटलं, “म्हणजे त्या दिवशी बाबांनीही श्वास घेतला होता. बोलण्यासाठी.”

साहेब हसून म्हणाले, “तालमीत प्रश्न विचारायचे नसतात. आणि श्वास सगळेच घेतात, मुली. विसरलेला माणूस तर जरा जास्तच घेतो.”

मी घरापर्यंत चालत आले. रस्ताभर साहेबांचं ते वाक्य उलटंपालटं करून बघत होते. ते खरंही असू शकतं. तुम्ही खरोखरच कोरे झाला असाल, आणि या माणसाने तुमची लाज राखली असेल. मग मी करतेय तो नुसता कृतघ्नपणा. पण मग दरवेळी तो हात श्वासाचीच वाट का बघतो? विसरलेल्याला सावरायचं तर तो अडखळेपर्यंत थांबायला नको का? या दोन्ही गोष्टी माझ्यासमोर आहेत आणि दोन्हींना तोंड आहे. निवाडा करणारा फक्त एक होता, आणि तो भात परत मागून घेत बसला.

काल सकाळी आई मला मुंडासं बांधून देत होती. तुम्हाला बांधायची तसंच, आधी डावीकडून. मी मोठं बोलणार आहे, हे तिला सांगायचं ठरवलं होतं. पण तिच्या कामाचं काय, हे कसं विचारायचं, ते सुचत नव्हतं. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि ती म्हणाली असती ते चूकही नसतं. वारज्याची शेतावर राबलेली बाई. तिला या वयात दारोदार काम मागत फिरायला लावणारी मी कोण?

तीच बोलली. “नंदे, त्या दूताचा भाऊ पडला ना तिकडं? त्याच्या घरी कोण गेलं सांगायला?”

मी म्हटलं, “आई, ते नाटकात नाही.”

“नाही कसं? हे मोरीत घसा फोडून सांगायचे की. भिंतीतून ऐकलंय मी सगळं. पाठ हाय मला.” मुंडाशाचं टोक तिने घट्ट खोचलं. “राजाच्या पोराची बातमी राजाला कळली. त्या भावाच्या आईला कुणीतरी सांगायला नको का?”

“आई, तुझा कागद साहेबांच्या टेबलावर आहे.”

“असू दे की. टेबलावर पेढापण होता.”

बाबा, घरी तिने कधी तुमची नुसती छोटी वाक्यं ऐकली असं समजू नका. तिला कायम मोठंच ऐकू येत होतं.

कार्यक्रम भरगच्च झाला. पहिल्या रांगेत अधिकारी, मागे तुमच्या खात्यातले लोक, त्यांच्या मागे भिंतीला टेकून पायरीवरचे सगळे. तुमच्या फोटोला हार घालून साहेब आत गेले आणि राजा होऊन बाहेर आले. मी चालत गेले आणि तुमच्या खुणेवर उभी राहिले.

मी श्वास घेतला. हात वर गेला.

तो हात वर असतानाच मी बोलायला लागले. “महाराज, मी नदीच्या पलीकडून आलो.” घोड्याचं सांगितलं, उताराचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. साहेबांचा हात तसाच होता, खाली आणावा की ठेवावा हे न कळून. त्या वाक्यापाशी आले. रडले नाही. तुम्हाला सांगितलं होतं तसंच म्हटलं, सपाट. “माझा भाऊही तिथेच पडला, महाराज. पण ते सांगायला मी आलेलो नाही.”

मागे भिंतीपाशी कोणीतरी खोकलं. गद्रे काकांच्या हातातलं पुस्तक बंद होतं. त्यांनी ते उघडलंच नव्हतं.

साहेबांनी टाहो फोडला नाही. हात हळूहळू खाली आला आणि ते सिंहासनावर बसले, म्हाताऱ्या माणसासारखे. तो अभिनय होता का? मला माहीत नाही. पडदा पडल्यावर पहिल्या रांगेतले लोक त्यांना भेटायला आले. “साहेब, काय बसलात हो तुम्ही. त्या बसण्यानेच सगळं सांगितलंत.” बघा, म्हणजे तेही त्यांच्याच खात्यावर जमा झालं. मला हसू आलं. तुम्हालाही आलं असतं, पण तुम्ही रुमालात हसला असता.

विंगेत साहेब माझ्याजवळ थांबले. मुंडाशाकडे बघत होते. म्हणाले, “आवाज बापाचा आहे.” एवढंच. ते कौतुक होतं, की धमकी, की त्यांनी तो आवाज त्या दिवशी ऐकला होता याची कबुली? तुम्ही चेहऱ्यावरून ओळखलं असतंत. मी चेहरा वाचला नाही. वाचायचा नाही असं ठरवलं होतं.

तुम्हाला वचन देते. उद्या सोमवारी मी कचेरीत जाऊन आईच्या कागदाचं विचारणार आहे, सरळ, मान वर करून, सगळी वाक्यं बोलून. सही झाली तर बरं. नाही झाली तर माझ्या शिकवण्या आहेत, शाळांतून अर्ज करीन, आणि आई म्हणते की खुरपं ती अजून विसरलेली नाही. पण आपल्या घरात ‘आज मोठं की छोटं’ हे आता कोणी कोणाला विचारणार नाही. आणि तो पहिला प्रश्न मी तुम्हाला विचारत राहणार. तुम्ही उत्तर द्यायला बांधील आहात असं मला अजूनही वाटतं.

काल कार्यक्रम संपल्यावर सगळे नेहमीप्रमाणे पायरीवर जाऊन उभे राहिले. साहेब गाडीकडे निघाले होते. गद्रे काकांनी मला खूण केली, थांब, ऐक. मी आईचा हात धरला आणि आम्ही दोघी फाटकाबाहेर पडून घराकडे चालू लागलो. फियाटचं दार कसं लागलं, ते मला माहीत नाही.

तुमची,
नंदा